डाव्या बगलेतली चौकी

उजव्या हाताची तीन बोटे येतात. अंगठा बाहेर राहतो, करंगळी मिटलेली असते. बोटे सपाट ठेवून आधी माझ्या शेजारी दाब पडतो, मग माझ्यावर, मग पुन्हा शेजारी. पहिल्या आठवड्यात हे चार-पाच श्वासांत उरकायचे. आता वीस श्वास लागतात, आणि त्यातला एखादा मध्येच अडकून राहतो.

मित्रांनो, ही बोटे जिला शोधत येतात ती मी एक जुनी लसिकागाठ. गाठ हा शब्द ऐकून दचकू नका. तुमच्या प्रत्येकाच्या अंगात माझ्यासारख्या पाच-सहाशे जणी आहेत. मानेत, बगलेत, जांघेत, पोटात आम्ही चरबीच्या मऊ गादीत बसलेल्या असतो. एरवी मी घेवड्याच्या दाण्यापेक्षा मोठी नसते आणि कुणाच्या बोटाला लागत नाही. आज लागते आहे, म्हणूनच हे सांगायला बसले.

जिच्या डाव्या बगलेत मी राहते तिला घरात वहिनी म्हणतात. मीही तेच म्हणेन. मला डोळे नाहीत. वहिनी बोलते तेव्हा तिच्या बरगड्या थरथरतात आणि तिचा शब्द न् शब्द मला कळतो. इतरांचे बोलणे पुसट येते. बाकीचे मी तिच्या हाताच्या हालचालीवरून ताडते. ज्याचे काम संशय घेणे आहे त्याने अंदाज कुठला आणि खात्री कुठली, हे वेगवेगळे सांगावे. मी तसा प्रयत्न करीन.

हो, माझे काम एका शब्दात सांगायचे तर संशय.

वहिनी जन्मायच्या आधीच मी माझी जागा धरून बसले होते. तेव्हा मी रिकामी होते, भिंती उभ्या पण माणसे राहायला न आलेल्या घरासारखी. रक्तातून झिरपणारे पाणी अंगातल्या पेशींना जेवू घालते. त्यातले बरेचसे रक्तात परत जाते, उरलेले बारीक नळ्यांत गोळा होते. त्याला लसिका म्हणतात. रक्ताला हृदय ढकलते, लसिकेला तसे कुणी नाही. नळ्यांच्या भिंती थोड्या आकसतात, झडपा तिला मागे फिरू देत नाहीत, आणि बाकीचे काम हात हलवल्याने होते. म्हणून लहानपणी वहिनी दोरीवरच्या उड्या मारायची तेव्हा माझ्या दारात नुसती झुंबड उडायची, आणि ती रुसून कोपऱ्यात बसली की माझ्याकडेही शुकशुकाट असायचा.

बोटांपासून खांद्यापर्यंत जे जे लसिकेतून वाहत येते ते माझ्या चौकीवरून पुढे जाते. येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत, जाण्याची एकच. आतल्या बाजूला भक्षकपेशी बसलेल्या असतात. दिसेल ते गिळायचे, हा त्यांचा स्वभाव. त्वचेखाली फांद्या पसरून बसणाऱ्या काही पेशी आहेत, त्यांना मी निरोपे म्हणते. कातडीत काही उपरे शिरले की ते त्याचा तुकडा तोडून घेतात आणि लसिकेच्या वाटेने माझ्याकडे धावत येतात. तो तुकडा अंगावर मिरवत उभे राहतात आणि कुणी ओळखते का, याची वाट पाहतात.

ओळखणाऱ्या दुसऱ्याच असतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. त्या रक्तातून येतात आणि माझ्या एका खास शिरेच्या भिंतीला घासत घासत आत उतरतात. प्रत्येकीच्या मनात जन्मापासून एकच संशय असतो. एकीचा एक, दुसरीचा दुसरा. तो कुणी शिकवलेला नसतो; पिसलेल्या पत्त्यांतून पान यावे तसा वाट्याला येतो. छातीच्या हाडामागे त्यांची शाळा आहे. ज्यांचा संशय घरच्यांवरच जातो त्यांना तिथे काढून टाकतात, आणि जिला काहीच उमजत नाही तीही उरत नाही. शंभरातल्या दोन-चारच पास होतात. तरी काही आतल्या गाठीच्या निसटतात, म्हणून त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या पेशी आहेत. आमच्याकडे पहारेकऱ्यांवरही पहारा असतो.

पास झालेली टी-पेशी माझ्याकडे अर्धा-पाऊण दिवस थांबते. एकेका निरोप्याला चाचपते. आपला संशयित सापडला नाही, तर मागच्या दाराने निघून पुढच्या गाठीकडे जाते. बहुतेक जणी अशाच या चौकीतून त्या चौकीत हिंडून संपतात. ज्याच्यासाठी जन्म घेतला तो त्यांना कधीच भेटत नाही. मी हजारो जणींना अशी निरोप देते, आणि कुणाचीही मुद्रा मला आठवत नाही. हे बरे नाही, पण खरे आहे.

माझ्या कौतुकाचा दिवस एकच. वहिनी सहा वर्षांची असताना शाळेत तिच्या डाव्या दंडात लस टोचली. निरोपे धापा टाकत आले, दोन दिवस माझ्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि मी चांगली टरारले. परिचारिका म्हणाली की मुलगी फार शहाणी, रडली नाही. दंडाला शाबासकी, डोळ्यांना शाबासकी. माझे नाव कुणी काढले नाही. आईने फक्त बगलेत हात लावून पाहिला आणि म्हणाली की जरा सुजल्यासारखे वाटते, जाईल. मी गेले, म्हणजे पुन्हा लहान झाले. त्यानंतर चाळीस वर्षे कुणी माझी चौकशी केली नाही.

वहिनी गुलाबांच्या रोपवाटिकेत कलमे करते. चांगल्या जातीच्या गुलाबाचा एक डोळा हलक्या हाताने काढायचा, रानगुलाबाच्या फांदीची साल चिरून तिथे बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. याला डोळा भरणे म्हणतात. चाकू उजव्या हातात, फांदी डाव्या हातात. त्यामुळे टोचते ते सगळे डाव्या हाताला, आणि पोचते ते सगळे माझ्याकडे. वीस वर्षांत किती काटे माझ्या हिशेबाला आले ते सांगत नाही. बहुतेकांचा निकाल मी दोन दिवसांत लावला.

शेडचे मुकादम जुन्या वळणाचे आहेत. वहिनीला चाकू धरायला त्यांनीच शिकवले. हातमोज्यांवर त्यांचा विश्वास नाही. मोजा घातला की साल किती सुटली ते बोटाला कळत नाही, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य असावे, कारण त्यांच्या हातची दहातली नऊ कलमे लागतात. पण शेडचा आणखी एक रिवाज त्यांनी घालून दिला आहे. रोपे बाहेरगावी पाठवताना मुळांभोवती ओले शेवाळ गुंडाळतात. शेडमध्ये त्याला मॉस म्हणतात. ते पोत्यांतून येते आणि टाकीत भिजत पडलेले असते. कुणाला काटा लागला की मुकादम मान वर न करता त्यातला एक गोळा पिळून पुढे करतात. मॉस दाबले की काट्याचे विष निघते, हा त्यांचा ठाम समज. गार लागते, रक्त थांबते, मग सगळेच मान डोलावतात. नव्या माणसाने पहिला काटा काढला की त्याच्या हातावर मॉस ठेवून सगळे म्हणतात, आता तू शेडचा झालास.

सुमारे दहा आठवड्यांपूर्वी वहिनीच्या डाव्या तर्जनीत, पेराच्या वर, एक काटा मोडला. तिने तो सुईने काढला. मुकादमांनी मॉस दिले, तिने दाबले आणि पुढची फांदी हातात घेतली.

मला जे कळले ते उशिरा कळले. दोन-अडीच आठवड्यांनी निरोपे येऊ लागले. धावत नव्हे, रेंगाळत. त्यांच्या अंगावर जे तुकडे होते ते काट्यातले लाकूड नव्हते. नेहमीच्या पू करणाऱ्या जंतूंचेही नव्हते. ते मी शंभरदा पाहिले आहेत. हे कुठल्याशा बुरशीचे होते; गोल, जाड सालीचे आणि शांत. मला शांत पाहुण्यांचा सगळ्यात जास्त संशय येतो. भक्षकपेशींनी नेहमीप्रमाणे गिळले. गिळले की संपले, हा आमचा समज. तेही आत गेले आणि तिथेच जिवंत बसून राहिले.

मग मी नियमाप्रमाणे वागले. संशयित सापडला की मागचे दार बंद करायचे, आत आलेल्या एकाही टी-पेशीला बाहेर सोडायचे नाही, आणि पुढची सगळी दारे सताड उघडी ठेवायची. ओळख पटली तिने स्वतःसारख्या हजारो जणी तयार करायच्या. आत एवढी माणसे कोंबल्यावर घर फुगणारच. मी घेवड्याच्या दाण्याची सुपारी झाले, मग सुपारीहून मोठी. दुखत मात्र फारसे नव्हते. दुखले असते तर बरे झाले असते.

एका सकाळी अंग पुसताना वहिनीचा हात माझ्यावर थांबला.

तेव्हापासून तीन बोटे रोज येतात. कलमाचा डोळा लागला की सुकला, हे पाहायला ती जशी दाबते तशीच मला दाबते. फरक एवढाच की तिथे काही लागले तर तिला आनंद होतो.

वहिनी बावीस वर्षांची असताना तिची आई गेली. तिच्याही बगलेत गाठ होती. गाठ म्हणजे माझीच कुणी बहीण. दोष तिचा नव्हता. आजार स्तनात होता, आणि तिथल्या बिघडलेल्या पेशी लसिकेच्या वाटेने तिच्यापर्यंत आल्या होत्या. आईने आठ महिने लांब बाह्या घातल्या आणि कुणाला सांगितले नाही. आधी धाकटीची परीक्षा होऊ दे म्हणाली, मग घराची रंगरंगोटी होऊ दे म्हणाली. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा पाहण्यासारखे फार काही राहिले नव्हते.

इथे मी एक कबुली दिली पाहिजे. माझ्यात जे शांत पाहुणे बसले आहेत ते बोटातून आले, याची मला खात्री आहे. पण त्यांच्याखेरीज माझ्यात दुसरे कुणीच नाही, अशी खात्री मी देऊ शकत नाही. वहिनीच्या आईच्या त्या पेशी घरच्याच होत्या. घरचाच चेहरा, घरचीच बोली. अशांना हटकायला आम्ही फार कच्च्या आहोत. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेतला आणि आता मी स्वतःवर घेते. ज्याला आत डोकावून पाहता येते अशाच कुणी निकाल द्यावा, एवढेच मला समजते. वहिनीलाही ते समजत होते. म्हणूनच ती जात नव्हती.

आता घरातल्या संशयाबद्दल. वहिनीचे पती मालवाहू बोटीवर स्वयंपाकी आहेत. दोन-दोन महिने बाहेर असतात. घरात वहिनी आणि तिची नणंद. नणंद शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत तिचे यंत्र, कापडांचे गठ्ठे आणि बिनमुंडक्याचा एक पुतळा आहे. तिला सगळे सुई म्हणतात, आणि ते केवळ शिवणामुळे नाही.

सुईच्या लक्षात सगळे येते. वहिनी न्हाणीघरात जास्त वेळ लावते, हे पहिल्या आठवड्यात आले. दाराबाहेरून तिने विचारले की आत बिऱ्हाड थाटलंय का. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, आरसा काही नवीन सांगणार नाही गं, रोज तोच चेहरा आहे. वहिनी हसली नाही. आधी वहिनी अशा टोमण्याला व्याजासकट उत्तर द्यायची. सुईच्या मनात तिथेच पाल चुकचुकली असावी. मग वहिनी फोनवर नवऱ्याशी खोलीचे दार लावून बोलू लागली. बोलण्यात काही नव्हते. सगळं ठीक आहे, जेवलात का, एवढेच. पण दार लावून सगळे ठीक आहे म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

सुईने आपल्या मनाशी निष्कर्ष काढला की दादा आणि वहिनी वेगळे घर बघत आहेत, आणि सांगायचे कसे म्हणून वहिनी तोंड लपवते आहे. हे मला नंतर तिच्याच तोंडून कळले. त्या दिवसांत मला एवढेच जाणवायचे की तिचा आवाज वहिनीच्या आसपास आला की त्याला धार चढते. चहाच्या कपावरून, टॉवेलवरून, चपलांवरून. दोघी एकमेकींच्या पाठीमागे पाहत आणि समोर आल्या की भांड्यांकडे. दोघींनाही एकमेकींचा संशय होता, आणि दोघींचाही चुकीच्या दाराशी उभा होता.

एक दिवस वहिनी कामावर गेलेली असताना सुईने तिचे कपाट उघडले. घराचे काही कागद सापडतात का, ते तिला पाहायचे होते. कपड्यांखाली तिला वहिनीच्या आईची दवाखान्याची फाईल मिळाली. फाईल चोवीस वर्षे जुनी होती, पण तिच्यावर धूळ नव्हती. सुईने कपाट लावले आणि चार दिवस एकही टोमणा मारला नाही. वहिनीला त्याचीच जास्त भीती वाटली. मला तिच्या घामावरून कळायचे.

पाचव्या दिवशी दुपारी सुईने तिला यंत्राजवळ बोलावले. दरवर्षी ती वहिनीला कामासाठी जाड कापडाचा एक कोट शिवून देते. माप घेऊ दे म्हणाली. वहिनी म्हणाली की मागच्या वर्षीचे माप आहे ना. सुई म्हणाली की मागच्या वर्षीची तूही राहिली नाहीस.

"हात वर कर."

वहिनीने उजवा हात वर केला.

"दुसरा."

"दोन्ही हात सारखेच तर असतात."

"सव्वीस वर्षं लोकांची मापं घेतेय मी. कुणाचे दोन हात सारखे नसतात. वर कर."

हात वर झाला नाही. तो माझ्यावर घट्ट मिटला, इतका की माझ्या नळ्यांतली लसिका जागच्या जागी थांबली. मग सुईने आवाज खाली आणून सांगितले की मी तुझ्या आईची फाईल पाहिली आहे.

वहिनीचा पहिला प्रश्न असा होता की तू माझ्या कपाटाला हात का लावलास. सुईने कबूल केले. चोरीच केली म्हणाली. तुम्ही दोघे वेगळे निघताय असे वाटले, त्याचा पुरावा शोधत होते. यावर वहिनी हसली. बऱ्याच आठवड्यांनी बरगड्या तशा हलल्या. आणि हसता हसताच तिने सांगितले. फार थोडे शब्द होते. बगलेत आहे, सहा आठवडे झाले, वाढतेय, आईसारखीच.

सुई रडली नाही. ती म्हणाली, दाखव. तिची बोटे गार होती आणि खडूने खरखरीत झाली होती. वहिनीची बोटे मला घाबरून दाबायची. ही बोटे कापडाची जात पाहावी तशी मला पाहत होती. मग तिने फीत लावली. माझे मोजमाप करणारी ती पहिलीच. सव्वातीन सेंटिमीटर, असे ती मोठ्याने म्हणाली, जणू कुणी लिहून घेणार होते.

त्यानंतर तिने वहिनीची बाही नीट करायला घेतली आणि ती अर्ध्यातच थांबली. मनगटाच्या वर एक फोड होता. त्याच्या वर चार बोटांवर दुसरा, कोपराच्या खाली तिसरा. तर्जनीवरच्या पट्टीखाली ती जखम होती, अजून ओली.

"हे काय?"

"डास चावलेत."

"डास असे ओळीत चावतात? शिवणयंत्र लावून?"

वहिनीने हात मागे घेतला. बोटाचे काय, काटा लागला होता, रोजच लागतात. पण सुईने फीत सोडली नाही. तिने तिचे एक टोक बोटाच्या जखमेवर धरले, तिन्ही फोडांवरून नेली आणि दुसरे टोक माझ्यापर्यंत आणले. फीत कुठेही वाकली नाही. सुईला लसिका माहीत नाही, नळ्या माहीत नाहीत, टी-पेशीचे नावही तिने ऐकलेले नाही. पण ओळीतले टाके दिसले की आत धागा एकच असणार, हे तिला कुणी शिकवायला नको होते. तिने वहिनीला तेच सांगितले.

मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या क्षणी ओरडले असते. दहा आठवडे मी त्या धाग्याच्या टोकाला बसून आहे.

वहिनीचा मात्र विश्वास बसला नाही. काट्याने कधी बगलेत गाठ येते का? वीस वर्षे काटे लागताहेत, मग आजवर का आली नाही? बोट ते कामाचे आणि गाठ ती आईची, अशी तिने दोन खात्यांत वाटणी करून टाकली होती. सकाळी गाठ चाचपायची, नंतर बोटावरची पट्टी बदलायची, आणि एकीचा दुसरीशी संबंध लावायचा नाही. संबंध लावायचा म्हणजे शेडकडे बोट दाखवायचे, आणि शेड म्हणजे मुकादम. ज्या माणसाने चाकू हातात दिला त्याच्या मॉसवर संशय घ्यायचा, हे तिला आपल्या आजाराहून जड जात होते.

सुई म्हणाली, उद्या चल. वहिनी म्हणाली, रोपांची रवानगी संपू दे, अकराच दिवस राहिलेत.

"तुझ्या आईलाही काहीतरी संपायचंच होतं."

हे सुईने बोलायला नको होते, असे मला वाटले. नंतर वाटले, बोलायलाच हवे होते. वहिनी उठून आत गेली. त्यानंतर घरात यंत्राचा आवाज तेवढा होता. दोन दिवसांनी कोट तयार होऊन दाराच्या खुंटीवर लटकला. वहिनीने तो घातला तेव्हा मला कळले की डाव्या बगलेचा घेर उजवीपेक्षा अर्ध्या इंचाने सैल कापला आहे.

त्याच दिवसाची ही गोष्ट. शेडमध्ये सकाळची गडबड होती. लांब टेबलाच्या एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मुकादम, मध्ये टाकी. वहिनीच्या अंगठ्यात काटा शिरला. तिचा हात झटकन मागे आला तो मला जाणवला. मुकादमांनी मान वर केली नाही. त्यांनी टाकीत हात घातला, गोळा पिळला आणि पुढे धरला, वीस वर्षे धरत आले तसा.

वहिनीचा हात पुढे गेला नाही.

मुकादमांनी विचारले की काय झाले. ती म्हणाली की आज नको. मुकादमांना नकाराची सवय नाही. आधी त्यांना वाटले ती चेष्टा करते आहे. मग त्यांनी तिच्या नव्या कोटाकडे पाहिले असावे, कारण ते म्हणाले की त्या शिंपिणीने तुझ्या डोक्यात काहीतरी शिवलेले दिसते. उद्या हातमोज्यांचे खूळही काढशील. मग त्यांचा आवाज चढला. आपल्या गुरूने आपल्या हातावर हेच मॉस ठेवले होते, चाळीस वर्षे झाली, हात पाहा, काही झाले आहे का? टेबलावरच्या बाकीच्यांचे चाकू थांबले. थांबलेले चाकू मला ऐकू येत नाहीत, पण वहिनीचा श्वास थांबला, त्यावरून मी ते ताडले.

खरे तर मुकादम खोटे बोलत नव्हते. त्यांच्या कातडीला मॉसमधले ते शांत पाहुणे कधी भेटले नसतील, किंवा भेटले तेव्हा त्यांच्या बगलेतल्या माझ्या एखाद्या बहिणीने त्यांना वेळेवर ओळखले असेल. एकाला काही झाले नाही म्हणून कुणालाच होणार नाही, असा हिशेब माणसे करतात. आम्ही तो करत नाही. आमच्याकडे प्रत्येक काट्याची चौकशी नव्याने होते.

मित्रांनो, मागायचे आहे ते आताच मागून घेते, कारण यानंतर वहिनी बोलणार आहे आणि मला ते ऐकायचे आहे. तुमच्या अंगात कुठे माझ्यासारखी एखादी फुगली, तर तिच्यावर खुशाल संशय घ्या. मला त्याचा राग नाही. पण तो संशय कपड्याखाली दडवून ठेवू नका. आम्ही एकट्या ठेवत नाही. संशय आला की आम्ही दारे उघडतो, सगळ्यांना बोलावतो आणि पुरावा अंगावर मिरवतो. ज्याला तो वाचता येतो त्याच्यासमोर तुमचा संशय मांडा. आणि मांडताना हात अर्धा झाकू नका, बोटापासून बगलेपर्यंत सगळा दाखवा. माझ्यात बोटातून आलेल्यांखेरीज आणखी कुणी आहे का, ते मला ठाऊक नाही. आईसारखेही काही असेल, किंवा नुसते टाकीतलेच असेल. दोन्हीत उशीर वाईटच.

वहिनीने पट्टी सोडली. बोटावरची हवा बदलली ती मला नळीच्या दुसऱ्या टोकाला जाणवली. तिने ते बोट टेबलावर मुकादमांसमोर ठेवले. मग कोटाची बाही वर सारली. मुकादमांच्या हातातल्या गोळ्यातून पाणी ठिबकत असावे. त्यांनी हळूच विचारले की हे सगळे कधीपासून आहे, आणि त्यांचा आवाज आता चढलेला नव्हता.

वहिनीने श्वास घेतला. माझ्याभोवतीच्या बरगड्या वर आल्या, खाली गेल्या, आणि ज्या आवाजाने ती फोनवर सगळे ठीक आहे म्हणायची तो आवाज हा नव्हता.

"दहा आठवडे झाले, काका. बगलेत गाठपण आहे. उद्या मी कामावर येणार नाही, दवाखान्यात जाणार आहे. हातातलं ते टाकू नका, डबीत घालून द्या. तेही मी डॉक्टरांना दाखवणार."